पाच किलोवॅटांत बसवलेलं बेट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे एग नावाचं चिमुकलं बेट आहे. वस्ती शंभराच्या आसपास. मुख्य भूमीच्या ग्रिडची तार इथवर कधी आलीच नाही. समुद्राखालून केबल टाकणं परवडणारं नव्हतं. १९९७मध्ये रहिवाशांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ट्रस्टने अख्खं बेट विकत घेतलं आणि २००८च्या फेब्रुवारीत तिथलं स्वतःचं मायक्रोग्रिड सुरू झालं. तोवर बहुतेकांच्या दारात डिझेल जनरेटर धडधडायचा.

सामग्री साधीच. ओढ्यांवरची जलविद्युत (त्यातलं मोठं यंत्र १०० किलोवॅटचं), प्रत्येकी ६ किलोवॅटच्या चार पवनचक्क्या, सौर पॅनल, बॅटऱ्या आणि जमिनीखालून नेलेली सुमारे ११ किलोमीटर केबल. दाद द्यायची ती निवडीला. हिवाळ्यात पाऊस नि वारा मुबलक, ऊन नावापुरतं. उन्हाळ्यात ओढे रोडावतात, पण दिवस संपता संपत नाही.

याहून देखणी आहे जादा विजेची सोय. बॅटऱ्या भरत आल्या, की इन्व्हर्टर पुरवठ्याची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून किंचित चढवतात. तेवढ्या इशाऱ्यावर गावच्या सभागृहातले, चर्चमधले हीटर सुरू होतात आणि कुणाच्याच कामी न आलेली वीज सगळ्यांच्या जागेत ऊब होऊन मुरते. निरोपासाठी वेगळी तार नाही. तंबोऱ्याचा षड्ज जरासा हलला की साथीदारांनी मान वर करावी, तसं हे.

पण या रचनेचा प्राण एका नियमात आहे: घराला ५ किलोवॅट, व्यवसायाला १०. महिन्याच्या युनिटांशी याचा संबंध नाही. एका वेळी किती वीज ओढायची, त्याची ही हद्द. तीन किलोवॅटची किटली उकळत असताना वॉशिंग मशीनने पाणी तापवायला घेतलं, की घर काठावर आलंच. वर हीटर लावलात तर पुरवठा तुटतो आणि तो जोडायला बेटावरचाच माणूस येतो, शुल्क घेऊन! लोडशेडिंग आपल्याला वरून येणारं माहीत. इथे लोकांनी हात आधीच आखडता घेतलाय, म्हणून सगळ्या बेटावर एकदम अंधार व्हायची वेळ सहसा येत नाही.

तरी नियम निर्दोष नाही. एकट्या म्हातारीला पाच आणि लेकुरवाळ्या घरालाही पाच, ही समता जरा ढोबळच. डिझेलचे जनरेटरही अडीअडचणीला ठेवलेत. शुद्धतावाद्यांना ते खुपतील, मला नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक वीज पाणी, वारा, ऊन पुरवत असताना उरलेल्या विजेच्या हट्टापायी दुप्पट बॅटऱ्या घेणं हा नुसता डौल झाला असता. खरा पेच वेगळाच आहे. ट्रस्टने बेट घेतलं तेव्हा तिथे पासष्टेक माणसं होती. वीज आली, तरुण परतले, नवी घरं उठताहेत, आणि प्रत्येक नवं घर आपले पाच किलोवॅट मागणारच.