एसडीटी सोपं आहे, पण 91 टक्के कशाचे?

परभणीत भेंडीवर संशोधन करायचं म्हटलं की यलो व्हेन मोझॅक आलाच. आपल्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी क्रांती' हा वाण याच रोगाला तोंड देण्यासाठी, भेंडीच्या एका नातलग प्रजातीशी संकर करून तयार झाला. रोगामागचे विषाणू बेगोमोव्हायरस गटातले. पांढरी माशी ते पसरवते. तुमच्या नमुन्यातला विषाणू नवा की जुना, हे एका आकड्यावर ठरतं. पूर्ण जीनोमचं साम्य माहीत असलेल्या सगळ्या विषाणूंशी 91 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नवी प्रजाती.

हा आकडा काढायला बहुतेक जण एसडीटी वापरतात. 2014 मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर खरंच सोयीचं आहे. कमांड पाठ करायची गरज नाही. फास्टा फाईल द्या, रंगीत तक्ता मिळतो. प्रत्येक जोडी स्वतंत्र जुळवली जाते, त्यामुळे फाईलमध्ये आणखी सिक्वेन्स टाकले तरी आधीच्या जोडीचा आकडा हलत नाही. ही रचना मला आवडते.

माझी तक्रार वेगळी आहे. तक्ता इतका देखणा, की आकडा कसा आला हे कुणी विचारतच नाही.

एक, हा जीनोम गोल असतो, साधारण 2,700 न्यूक्लिओटाइडचा. दोन सिक्वेन्स वेगवेगळ्या ठिकाणी कापून लिहिले असतील, तर एकच विषाणू स्वतःशीच जुळणार नाही. आणि तुम्ही नवी प्रजाती सापडली म्हणून नाचाल!

दोन, एसडीटी गॅप असलेल्या जागा मोजतच नाही. समजा 10 जागा आहेत: 7 जुळतात, 1 चुकते, 2 गॅप. एसडीटीचं उत्तर 7 भागिले 8, म्हणजे 87.5 टक्के. ब्लास्ट गॅपही लांबीत धरतं, म्हणून तिथे 70. दोन्ही गणितं बरोबरच आहेत, फक्त व्याख्या वेगळी.

सोपं सॉफ्टवेअर म्हणजे कमी बटणं एवढंच नव्हे. आकड्याशेजारी 'गॅप वगळून' एवढे दोन शब्द दिसले, तरी वापरणारा सावध होतो.

तोवर हे काम आपलंच. सगळे सिक्वेन्स टीएएटीएटीटीएसी या खुणेतल्या ठरलेल्या कापाच्या जागेपासून सुरू करून घ्या, अलाइनमेंट डोळ्यांनी बघा, आणि प्रबंधात टक्क्यांसोबत पद्धतही लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येतो.