पडद्यावरची गोष्ट आणि आपली नातवंडे

परदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांना बोललेले मराठी समजते. देवनागरी पान पुढे ठेवले की ती गप्प होतात. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादाचा आपण अभिमान सांगतो. तिच्यातील मराठी वाचणारे घरात कोणी उरले नाही, तर तो अभिमान कपाटापुरताच राहील. आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या इमारती रांगेने उभ्या आहेत. पण मराठी पुस्तक हाती पडायचे तर भारतातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेची वाट पाहावी लागते. म्हणून इंटरनेटवरील दोन मराठी ठिकाणे नातवंडांसह बारकाईने वाचली.

पहिले, प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेले स्टोरीवीव्हर. येथे गोष्टी विनामूल्य असून त्यांच्या चार पायऱ्या केल्या आहेत. वॉर्डात आजारातून उठलेल्या माणसाला आम्ही आधी पेज देत असू, मग मऊ भात. नव्या वाचकालाही तोच क्रम मानवतो. मोठी चित्रे, थोडे शब्द, तेच शब्द पुन्हा पुन्हा, ही पहिली पायरी उत्तम आहे. दोष भाषेत आहे. अनुवाद कोणालाही करता येत असल्याने काही गोष्टी रसाळ, तर काही इंग्रजी वाक्यावर मराठी शब्द चिकटवल्यासारख्या वाटतात. ‘आंघोळ केली’ म्हणायचे तेथे ‘आंघोळ घेतली’ अशी ती धाटणी. म्हणून गोष्ट आधी आजी-आजोबांनी मोठ्याने वाचून पाहावी. जीभ अडखळली तर ती बाजूस ठेवावी.

दुसरे, बालभारतीचे ‘किशोर’. १९७१ साली निघालेल्या या मासिकाचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. येथील मराठी मुळातलेच मराठी आहे. गोष्टी, कविता, कोडी यांची चंगळ आहे. मात्र ते महाराष्ट्रात शिकणाऱ्या मुलासाठी लिहिलेले. आपल्या मुलाच्या हाती एकदम अंक दिला तर तो दमेल. आधी कोडी, मग कविता, शेवटी गोष्ट, असा क्रम ठेवावा.

लेखनाचे काय? स्टोरीवीव्हरवर तयार चित्रे निवडून मुलाला स्वतःची गोष्ट रचता येते. सोय मोठी, पण तिच्यात एक खोट आहे. चित्र आधी आले की गोष्ट त्याच्यामागे धावते आणि हत्ती-वाघांपलीकडे जात नाही. नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, मलिद्याच्या ताटातले गूळ-खोबरे घातलेले पोहे, ही चित्रे मुलाने स्वतःच काढावी लागतील. एक सावधगिरी: तेथे प्रसिद्ध केलेली गोष्ट खुल्या परवान्याखाली जाते, कोणीही ती वापरू शकतो. म्हणून मुलाचे पूर्ण नाव, शाळा, पत्ता तीत नसावा.

थोडक्यात, वाचायला शिकवण्यास स्टोरीवीव्हर, भाषा मुरवण्यास ‘किशोर’, आणि लिहिण्यास कागद-पेन्सिल. यंत्र पान उलटून देईल. ‘शनिवारी घाणा का थांबायचा?’ या प्रश्नाचे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांनीच द्यायचे आहे. या शब्बाथला जेवणानंतर नातवंडाला एवढे सांगा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून पाच ओळी मराठीत लिहून घ्या.