सात वर्षं, पण कधीपासून?

बिस्किटाच्या पुड्यावर, दुधाच्या पिशवीवर, डोकेदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटावर माल कधीपर्यंत वापरायचा ते छापलेलं असतं. फोनच्या खोक्यावर एमआरपी असते, आयएमईआय नंबर असतो, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तर ठळक अक्षरांत असतात. सुरक्षा-अपडेट कोणत्या तारखेला बंद होणार, हे मात्र सहसा नसतं. फोन चालू असताना, काच शाबूत असताना, बॅटरी बरी असताना एक दिवस अपडेट येणं थांबतं, आणि फोन ‘जुना’ होतो.

यावर चिडणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘फुकट नवीन फीचर्स हवीत’ असं हिणवलं जातं. इथे दोन गोष्टींची गल्लत आहे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती मिळणं ही हौस म्हणू. सुरक्षेची डागडुजी ही गरज आहे. २०१५ साली ‘स्टेजफ्राइट’ नावाचे दोष सापडले. नुसत्या एका एमएमएसमधून फोनवर हल्ला करणं त्यांमुळे शक्य होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा-अपडेट काढायला सुरुवात केली. बुजवलेल्या दोषांची यादीही दर महिन्याला जाहीर होते. ज्या फोनला अपडेट मिळतो, त्याच्यासाठी ती दिलासा देणारी. ज्याला मिळत नाही, त्याच्या घराचं कोणतं दार उघडं आहे याची ती जाहीर नोटीस.

आता परिस्थिती सुधारली आहे, हे खरं. ऑक्टोबर २०२३मध्ये गूगलने पिक्सेल ८साठी आणि जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४साठी ७ वर्षांच्या अपडेट्सचं आश्वासन दिलं. पण आश्वासन वाचताना आकड्याइतकंच, मोजणी कुठून सुरू होते ते पाहावं लागतं. ही वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजली जातात. तुम्ही पैसे मोजले तेव्हापासून नाही. किंमत उतरायची वाट पाहून दोन वर्षांनी दिवाळीच्या सेलमध्ये तोच फोन घेणाऱ्याला ५ वर्षंच मिळतात. स्वस्त मॉडेलांची मुदत सहसा मुळातच कमी, म्हणजे ज्याला काटकसर करावी लागते त्याच्या वाट्याला दोन्हीकडून कमी. शिवाय आपल्याकडे फोन घरात फिरतो: मुलीचा आईकडे, आईचा आजोबांकडे. पेन्शनचं खातं आणि यूपीआय बहुतेकदा त्या शेवटच्या, अपडेट संपलेल्या फोनवरच असतं.

‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ या सबबीत थोडं तथ्य आहे. चिप बनवणाऱ्या कंपनीने हात वर केले, की फोन बनवणाऱ्याचं काम अवघड होतं. तरीही फेअरफोन या छोट्या डच कंपनीने २०१५चा आपला ‘फेअरफोन २’, चिप-निर्मात्याचा पाठिंबा अँड्रॉइड ६पाशी संपल्यावरही, अँड्रॉइड १०पर्यंत नेला आणि मार्च २०२३पर्यंत सांभाळला. ॲपलने २०१३च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३मध्येही सुरक्षा-अपडेट दिला. (याच ॲपलला, अपडेटमुळे जुने आयफोन मंदावू शकतात हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल, २०२०मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरो दंड झाला, हेही विसरायला नको.) तेव्हा प्रश्न अशक्यतेचा नाही, खर्चाचा आहे: विकून झालेल्या वस्तूवर पैसे का घालायचे?

कायद्याने उत्तर शोधायचा प्रयत्न केला आहे. नेदरलँड्समधल्या ‘कॉन्सुमेंटेनबॉन्ड’ या ग्राहक-संघटनेने २०१६मध्ये अपडेट्ससाठी सॅमसंगला कोर्टात खेचलं. २०१८मध्ये मागणी फेटाळली गेली. युरोपियन युनियनचे नवे नियम २० जून २०२५पासून लागू झाले. त्यात ५ वर्षं मोजायची ती मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून, आणि हीच न्याय्य मोजणी आहे. मात्र कलमात एक ‘जर’ आहे: उत्पादक अपडेट देत असेल, तर ते इतकी वर्षं मोफत द्यावेत. मुळात काढलेच नाहीत तर काय, ही पळवाट त्या एका शब्दात उरते. आपल्याकडे ग्राहक-व्यवहार विभागाच्या समितीने सुचवलेल्या दुरुस्ती-निर्देशांकात सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष आहे. चांगलं पाऊल आहे, पण अनेक निकषांच्या एकत्रित गुणांमध्ये तारीख बुडून जाते.

मागणी फार मोठी नाही. खोक्यावर एक ओळ हवी: ‘सुरक्षा-अपडेट अमुक तारखेपर्यंत.’ मग १०,००० रुपयांचा २ वर्षं उरलेला फोन आणि १८,००० रुपयांचा ६ वर्षं उरलेला फोन शेजारी ठेवून पाहता येतील. पहिला वर्षाला ५,००० रुपयांना पडतो, दुसरा ३,००० रुपयांना. हा हिशेब गिऱ्हाइकाला येतो. त्यातला एक आकडा त्याच्यापासून लपवला जातो, तक्रार तेवढीच आहे.