उखाण्यानंतरचा प्रश्न

संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांबरोबरच घरोघरी मालिकांची शीर्षकगीतं सुरू होतात. पडद्यावर दाराआड उभी राहून कुणीतरी चोरून ऐकत असते. एक वाक्य उच्चारलं जातं, कॅमेरा तीन-तीनदा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जातो, संगीत कडाडतं आणि भाग संपतो. बाईचं वाईट बाईच करते, हे रोज मनावर ठसत जातं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ ते २०२१ चालली. फसवणूक केली नवरा गुरुनाथनं, पण झुंज लागली ती बायको राधिका आणि प्रेयसी शनाया यांच्यात. राधिकेनं मसाल्यांचा व्यवसाय उभा केला, ही त्या मालिकेची जमेची बाजू. तरी चर्चा झाली ती सवतीमत्सराचीच.

बायकांसाठीची मराठी माध्यमं कायम अशीच नव्हती. किर्लोस्करांनी १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक काढलं. त्याच्या संपादनाचा अनुभव गाठीशी घेऊन विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. वाचणारी बाई विचार करते, वाद घालते, निर्णय घेते, हे तिथं गृहीत होतं. घर आणि राजकारण यांच्यामध्ये तिथं भिंत नव्हती.

आज ती भिंत उभी आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये २०११ पासून महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. हजारो बायका ग्रामसभा चालवतात, पाणीपुरवठ्याचे ठराव मांडतात. मालिकांमध्ये त्या क्वचितच दिसतात. बातम्यांमध्ये दिसतात त्या बहुधा एकमेकींवर तुटून पडणाऱ्या महिला प्रवक्त्या, कारण भांडणाची क्लिप लगेच पसरते. २०२४ मध्ये राज्य सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेतून बायकांना महिन्याला १५०० रुपये मिळू लागले. निवडणुकीनंतर एका बाजूची माध्यमं म्हणाली, बहिणी उपकार विसरल्या नाहीत. दुसऱ्या बाजूची म्हणाली, मतं विकली गेली. कल वेगळा असला तरी दोघांनाही बाई दिसली ती फक्त घेणारी. तिनं भाव, रोजगार, सुरक्षितता यांचा हिशेब मांडून मत दिलं असेल, हे दोघांनाही सुचलं नाही. माध्यमांचा पक्षपात म्हणजे फक्त कुठल्या पक्षाची तळी उचलली एवढंच नव्हे. बाईची बुद्धी मोजायचीच नाही, हा त्याहून खोल पक्षपात आहे.

पडद्याबाहेरही हेच दिसतं. आमच्या भागात निवडणुकीआधी पैठणीचा खेळ झाला. मागं हात जोडलेल्या नेत्याचा भलामोठा फलक. एका बाईनं झकास उखाणा घेतला, टाळ्या पडल्या. माईक हातात होता म्हणून ती पुढं म्हणाली, “आमच्या गल्लीत पाणी रात्री दोनला येतं...” सूत्रसंचालकानं हसत माईक काढून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.

तिचं ते अर्धं राहिलेलं वाक्य जे पूर्ण ऐकून घेईल, छापेल, दाखवेल, त्यालाच बायकांचं माध्यम म्हणवून घेण्याचा अधिकार आहे.