‘निर्मनुष्य’ माळाचे वाङ्मय

मराठीतील पक्षीविषयक लेखन वाचताना एक शब्द मला सतत अडवतो. तो शब्द म्हणजे ‘निर्मनुष्य’. माळ निर्मनुष्य असतो, पहाट निर्मनुष्य असते, तळ्याचा काठ तर हमखास निर्मनुष्य असतो. दुर्बीण डोळ्याला लावल्यावर लेखकाला स्वतःचा विसर पडतो, हे मी समजू शकतो. पण ज्या पायवाटेने तो तिथवर आला ती शेळ्यांच्या खुरांनी आणि मोळीवाल्या बायकांच्या पायांनी पडलेली आहे, याचाही त्याला विसर पडावा, हे मात्र मला समजत नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातील अशाच एका माळाच्या कडेला वाढलो. आमची वस्ती गावापासून तुटलेली आणि माळाला चिकटलेली. गाव आम्हाला पांढरीत घेत नव्हते. माळ घेत होता. सरपण, शेण, कुसळीचा भारा, दोन शेळ्यांचा चारा, क्वचित फाश्यात सापडलेला तित्तर, हे सगळे त्याचेच देणे. त्या माळावर एक मोठे पाखरू होते. माणसाच्या छातीपर्यंत येणारे, संथ चालीचे. पावसाच्या दिवसांत नराचा घुमता आवाज वस्तीपर्यंत यायचा, म्हणून आम्ही त्याला ‘हूम’ म्हणत असू. त्याचे ‘माळढोक’ हे नाव मी पुढे शाळेच्या पुस्तकात वाचले. आमच्या आईला त्याचे एकुलते अंडे कुठे आहे हे ठाऊक असे, आणि त्या बाजूला ती शेळ्या वळू देत नसे. ती हे पुण्य म्हणून करत होती असे मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या पाखराचे एकच अंडे असते, एवढेच ती म्हणायची.

१९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमातून या भागात माळाचे काही पट्टे राखले गेले. चर खणले, बांध घातले, गवत वाढवले. त्या चरांवर कुदळ चालवणाऱ्यांत आमच्या वस्तीतील बायका होत्या. गवत आले, नाकतोडे आले, त्यांच्यामागे माळढोक आला. पक्षीनिरीक्षकांनी तो पाहिला, त्याची नोंद केली, आणि १९७९ साली नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. सबंध सोलापूर जिल्हा पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आत आहे, यावरून वाचकांनी त्याच्या व्याप्तीची कल्पना करावी. त्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील तालुकेही आले. गावे, शेते, बाजारपेठा, सगळे कागदावर अभयारण्य झाले. प्रत्यक्षात कुंपण पडले ते गवताला. बागायतदाराची विहीर आणि त्याचा ऊस कुंपणाबाहेरच राहिले.

एका वर्षी त्या कुंपणाशी आमच्या शेळ्या धरल्या गेल्या. वनरक्षकाने पावती फाडली. आईचे चार दिवसांचे हजेरीचे पैसे त्यात गेले. ती त्याला एवढेच म्हणाली, “सायेब, ते पाखरू आमच्या शेळीला भीत न्हाई, तुमच्या जीपला भितंय.” हे वाक्य मला पुढे कुठल्याही पक्षीग्रंथात वाचायला मिळाले नाही.

अशी वाक्ये ग्रंथात का येत नाहीत, हा वाङ्मयीन प्रश्न आहे असे मी मानतो. व्यंकटेश माडगूळकरांचे उदाहरण घेऊ. १९५५ च्या ‘बनगरवाडी’त त्यांनी माणदेशाचा माळ लिहिला तो मेंढरांसह आणि धनगरांसह. तिथे दुष्काळ पडतो तेव्हा माळ आणि माणूस एकाच वेळी उजाड होतात. मी स्वतः खेड्यात मास्तरकी केली, त्यामुळे त्या कादंबरीतील तरुण मास्तर मला जवळचा वाटतो. त्याच लेखकाने १९७९ मध्ये ‘नागझिरा’ लिहिले. नजर तितकीच तीक्ष्ण, भाषा तितकीच नितळ. पण इथे लेखक जंगलात जातो तो माणसांपासून दूर होण्यासाठी. लेखकाची हयगय म्हणून हे मी सांगत नाही. राखीव जंगल नावाची जी नवी जागा निर्माण झाली तिनेच लेखनाचा साचा बदलला. माळ आणि रान ही राहण्याची ठिकाणे होती. ती पाहण्याची ठिकाणे झाली. जो पाहायला येतो तो पाहुणा. आणि जो राहतो तो अतिक्रमण करणारा ठरला.

मारुती चितमपल्लींबद्दल मला अधिक सावधपणे लिहिले पाहिजे. ते सोलापूरचेच, वनखात्यात हयात घालवलेले, आणि २००६ साली सोलापूरलाच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले. २०२५ मध्ये ते गेले. आदिवासींच्या, पारध्यांच्या, गुराख्यांच्या तोंडची नावे त्यांनी मराठी गद्यात मानाने आणली. हे काम अभिजन समीक्षेने पुरते ओळखलेले नाही, आणि आपणही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. नाव सांगणारा माणूस नाव सांगून झाल्यावर पानावरून निघून जातो. ज्या पारध्याने पक्ष्याची शीळ ओळखली त्याचे पोर शाळेत बसू शकते का, त्याला गावात पाणी भरता येते का, हे निसर्गलेखनाचे विषय नव्हेत असे गृहीत धरले जाते. हे कोणी ठरवले?

पारध्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. गुन्हेगार जमातींच्या १८७१ च्या कायद्यापासून ही माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अशा जमाती तारेच्या कुंपणाआड ठेवल्या होत्या. १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला. वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि पारध्याची विद्या पुन्हा गुन्हा झाली. शिकारबंदी नको होती असे माझे म्हणणे नाही. ती हवीच होती. पण ज्याला जमिनीवरच्या एका पिसावरून पाखरू कळते, त्याला राखणदार का नेमले नाही? बिहारचे मीरशिकार अली हुसेन यांच्या पाखरे धरण्याच्या कसबावर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे पक्ष्यांना कडी घालण्याचे काम कितीतरी वर्षे चालले. म्हणजे हे शक्य होते.

सोलापूरचा अनुभव एकट्या सोलापूरचा नाही. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पाणथळ पक्षीप्रेमींची पंढरी मानले जाते. तिथे १९३८ साली लिनलिथगो या व्हाइसरॉयच्या मेजवानीच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले गेले. त्या शिकारीचे आकडे तिथे दगडात कोरून ठेवले आहेत. १९८२ साली त्याच जागी म्हशी चारायला बंदी आली. सलीम अलींसह पक्षीतज्ज्ञांचा बंदीला पाठिंबा होता. गावकरी उठले, गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे त्याच संस्थेच्या दीर्घ अभ्यासातून निघाले ते असे की, म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत माजले, उघडे पाणी आटोपत चालले आणि पाणपक्ष्यांची अडचण झाली. म्हैस त्या पाण्याची राखणदार होती. हा निष्कर्ष अभ्यासकांनी लपवला नाही, ही त्यांची सचोटी. परंतु मेलेल्या माणसांसाठी तो उशिराच आला. सैबेरियातून येणारे क्रौंच तर २००२ नंतर तिथे दिसलेच नाहीत. त्याला वाटेवरची शिकार आणि इतरही कारणे आहेत, सगळा भार बंदीवर टाकता येणार नाही.

आमच्याकडे काय झाले? उजनीचे पाणी आले, ज्वारीची राने उसाखाली गेली. माळढोक ज्वारी-हरभऱ्याच्या रानात चरतो. उसात तो जगत नाही. माळावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली, ज्या पक्ष्याला उघडे गवत हवे त्याच्यासाठी! खरेदी-विक्री अडली म्हणून जमीनवाल्यांनी आरडाओरडा केला, तो ऐकला गेला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन २०१२ साली अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. भूमिहीनांच्या शेळ्यांसाठी कोणी दिल्लीला गेले नाही. माझे वडील १९६४ च्या दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. त्यांनी गायरानातला अडीच एकराचा तुकडा कसला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची आपल्या लोकांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला. आमचा अर्ज अभयारण्याच्या हद्दीच्या शेऱ्यावर अडकला. वडील गेले, शेरा राहिला. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. म्हणजे पाखरूही गेले आणि तुकडाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण दुसऱ्यांची झडती घेऊन स्वतःची टाळणे बरे नव्हे. आपल्या आत्मकथनांत पाखरू येते ते बहुधा भुकेच्या पोटी, भाजून खाल्लेले. ते खरेच आहे, मी ते खाल्ले आहे. पण माझी आई अंड्याला वळसा घालून शेळ्या नेत होती, हेही तितकेच खरे आहे, आणि ते मी चाळीस वर्षांत लिहिले नाही. मला वाटे, हे सौंदर्यवाद्यांचे प्रांत. आपण भाकरीचे लिहावे. चवदार तळ्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता, माणसाला होता, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. त्यामुळे पाखराविषयी आपल्या मनात एक अढी बसली की काय, असे मला कधी कधी वाटते. त्या पाखरांनी आपले पाणी अडवले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मी वस्तीतील दहा-बारा पोरांना घेऊन कुंपणाच्या कडेने हिंडलो. दुर्बीण एकच होती, तीही उसनी. बरोबर शेजारची ऐंशीची आजी आली. पोरांनी वहीत एकवीस नावे लिहिली. त्यांतली सात पुस्तकात सापडली नाहीत, ती आजीची होती. एका पोराने विचारले, हूम कसा असतो? आजीने दोन्ही हात छातीशी धरून उंची दाखवली आणि मान ताठ करून चार पावले चालून दाखवली. पोरे हसली. मग त्याने वहीत बाविसावा आकडा घातला आणि त्यापुढे काय लिहायचे ते मला विचारले.