मायना आणि मजकूर : जॉन्स्टन यांच्या वेइहायवेईविषयक ग्रंथाचा पुनर्विचार

चीनमधील ब्रिटिश राज्यकारभाराचा विषय निघाला की हाँगकाँगचे नाव सहज पुढे येते. वेइहायवेईचे येत नाही. शांतुंग द्वीपकल्पाच्या ईशान्य किनाऱ्यावरील हा मुलूख १८९८ पासून १९३० पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, ब्रिटनकडे पट्ट्याने होता. मुलूख लहान, पण त्याच्यावर लिहिला गेलेला एक ग्रंथ मोठा आहे. रेजिनाल्ड फ्लेमिंग जॉन्स्टन हे तेथे जिल्हाधिकारी व न्यायाधीश असताना त्यांनी लिहिलेला 'लायन अँड ड्रॅगन इन नॉर्दर्न चायना' हा तो ग्रंथ १९१० साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. उत्तर चीनच्या ग्रामजीवनाचे एक साधन म्हणून तो आजही वाचला जातो, आणि तसा तो वाचला जावा याविषयी माझे दुमत नाही. मतभेद आहे तो त्यातील एका प्रमेयाविषयी आणि ते प्रमेय ज्या भाषिक पुराव्यावर उभे आहे त्याविषयी.

पट्ट्याची हकीकत प्रथम थोडक्यात सांगितली पाहिजे. १८९५ च्या आरंभी जपानने हे बंदर जिंकले. चीनच्या उत्तर आरमाराचा शेवट येथेच झाला आणि त्याचे सेनापती तिंग जू-छांग यांनी येथेच आत्महत्या केली. पुढे १८९८ मध्ये रशियाने पोर्ट आर्थर पट्ट्याने घेतले, तेव्हा त्याला शह म्हणून ब्रिटनने वेइहायवेई मागितले. १ जुलै १८९८ च्या करारात मुदत वर्षांत दिलेली नाही. पोर्ट आर्थर रशियाच्या ताब्यात असेल तोवर, इतकेच म्हटले आहे. भाडेही ठरलेले नाही. ज्याला मुदतीचा आकडा नाही आणि भाडे नाही अशा व्यवहाराला 'पट्टा' का म्हणावे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला पडल्याखेरीज राहत नाही. १९०५ साली पोर्ट आर्थर जपानकडे गेले. शब्दशः पाहता अट तेथेच संपली. ताबा मात्र आणखी पंचवीस वर्षे राहिला.

नावाचीही गंमत आहे. 'वेइहायवेई' या शब्दातील पहिला 'वेइ' आणि शेवटचा 'वेइ' देवनागरीत सारखेच दिसतात. चिनी भाषेत त्यांची चिन्हे निराळी, स्वराघात निराळे आणि अर्थही निराळे आहेत. पहिल्याचा अर्थ धाक, दुसऱ्याचा लष्करी ठाणे. समुद्राला धाक घालणारे हे ठाणे जपानी चाच्यांच्या बंदोबस्तासाठी मिंग राजवटीत १३९८ साली वसले. अठराव्या शतकात ते ठाणे मोडले गेले, पण लोकांच्या तोंडी नाव टिकले, आणि साहेबाच्या दप्तरात तेच मुलखाचे नाव होऊन बसले.

सुमारे २८५ चौरस मैलांचा प्रदेश, तीनशेहून अधिक गावे, दीड लाखाच्या आसपास लोकवस्ती, आणि हे सर्व सांभाळणारे ब्रिटिश अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९०१ मध्ये कारभार वसाहत खात्याकडे आला. १९०२ पासून १९२१ पर्यंत आयुक्तपदी असलेले जेम्स स्ट्यूअर्ट लॉकहार्ट हे स्वतः चिनी भाषेचे जाणकार होते; चिनी अवतरणांवरील त्यांचे पुस्तक १८९३ सालचे आहे. जॉन्स्टन १९०४ साली हाँगकाँगहून त्यांच्या हाताखाली आले. खास उभारलेली चिनी पलटण १९०६ मध्ये मोडण्यात आली. त्यानंतर मूठभर पोलीस आणि गावोगावचे प्रमुख एवढ्यावर राज्य चालले. गावांचे गट पाडून प्रत्येक गटावर एक मुख्य नेमला गेला. जमीन-महसूल जुन्या चिनी नोंदवह्यांवरूनच वसूल होई. चिनी लोकांच्या आपसांतील दिवाणी दाव्यांत चिनी कायदा व रूढी मानावी, मात्र ती न्याय व नीती यांना विरोधी नसावी, असा १९०१ च्या राजाज्ञेचा दंडक होता. ही न्याय-नीती कोणाची, हे तिने सांगितले नाही.

ही घडी जॉन्स्टन यांना मनापासून आवडली आणि त्यातून त्यांचे प्रमेय आले. ते असे की, येथे ब्रिटिशांनी नवे काही लादले नाही; चिनी न्यायाधीशाची जुनी गादी तेवढी चालविली. चिनी परंपरेत जिल्ह्याच्या न्यायाधीशाला 'फू-मू-क्वान' म्हणत, म्हणजे शब्दशः 'आईबाप अधिकारी'. जॉन्स्टन त्याच चौकटीत स्वतःकडे पाहतात. न्याय, तपास, वसुली, समेट, सर्व एका हाती. दुभाष्या नाही, वकिलांना जवळजवळ स्थान नाही. अर्जनवीस मध्ये येऊन लुबाडतात म्हणून त्यांनी अर्ज टाकण्याची पेटीच ठेवली. या पेटीतून लोकांचा आवाज आडपडद्याविना आपल्यापर्यंत पोहोचतो, अशी त्यांची भावना दिसते.

येथेच माझा आक्षेप आहे. पेटीतून येतो तो कागद, आवाज नव्हे. चिनी न्यायालयीन अर्ज हा शतकानुशतके घडलेला लेखनप्रकार होता. त्यात अर्जदार स्वतःला क्षुद्र म्हणवितो, न्यायाधीशाला 'ता लाओ-ये' म्हणतो, त्याच्या न्यायाला निरभ्र आकाशाची उपमा देतो आणि शेवटी मस्तक जमिनीला टेकवितो. अर्जनवीस दूर केला म्हणून हा साचा दूर होत नाही. निरक्षर शेतकऱ्याला अर्ज कोणाकडून तरी लिहून घ्यावाच लागे, आणि लिहिणारा साच्यातच लिही. आपल्याकडे जुन्या पत्रांचा अभ्यास करणाऱ्यास हे निराळे सांगण्याचे कारण नाही. पत्राच्या आरंभी 'साष्टांग नमस्कार' आहे म्हणून कोणी इतिहासकार लिहिणाऱ्याच्या भक्तीचे माप काढीत नाही. तो मायना ओलांडून मजकुराकडे जातो. 'मायबाप सरकार' हा आपला शब्दप्रयोगही तसाच. तो उच्चारणाऱ्याच्या मनात काकुळती, हिशेब आणि उपरोध यांपैकी काय आहे, हे केवळ शब्दावरून कळत नाही.

जॉन्स्टन भाबडे होते असे मात्र कोणी समजू नये. खोटे दावे, निनावी चहाड्या, भावकीची भांडणे यांची त्यांनी दिलेली वर्णने तिखट आहेत आणि ग्रंथातील सर्वांत वाचनीय पाने तीच. मजकुरावर ते पदोपदी संशय घेतात; मायन्यावर घेत नाहीत. 'आईबाप' हे नाते त्यांच्या लेखी वर्णन ठरते, ते संबोधनही असू शकते हे त्यांच्या ध्यानी येत नाही. आणि येथे एक भेद निसटतो. चिनी न्यायाधीश ठराविक काळाने बदलून जाई, त्याच्या डोक्यावर प्रांताधिकारी व राजधानी असे, आणि त्याच्या विरुद्ध वर दाद मागण्याचा मार्ग अर्जदाराच्याच भाषेत होता. वेइहायवेईतील फिर्यादीची शेवटची पायरी इंग्रजीत आणि समुद्रापलीकडे होती. नाव तेच राहिले, वाक्यातले स्थान बदलले. अर्थ बदलल्यावाचून कसा राहील?

रूढी नोंदविण्याच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो. चीनमध्ये 'त्येन' नावाचा जमिनीचा व्यवहार होता: पैसे घेऊन जमीन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, उत्पन्न त्याने खायचे, आणि मूळ रक्कम परत करून पुढे ती सोडवून घ्यायची. इंग्रजीत त्याला कधी तारण म्हटले गेले, कधी सशर्त विक्री. मराठी वाचकाला 'ताबेगहाण' म्हटले की पुष्कळसा उलगडा होतो, तरी पूर्ण नाही. कारण चिनी व्यवहारात जमीन सोडविण्याचा हक्क पिढ्यान् पिढ्या रेंगाळे आणि भावकीची त्यावर नजर असे. न्यायाधीश निकाल इंग्रजीत नोंदवी तेव्हा या दोन इंग्रजी शब्दांपैकी एक निवडणे भागच पडे, आणि शब्द निवडला की निकालाचा कल निम्मा ठरे. रूढी जशीच्या तशी राखली, हे विधान या कारणाने सावधपणे घ्यावे लागते.

ग्रंथाची दुसरी बाजू, म्हणजे सणवार, पितृपूजा, मृतांचे विवाह, वृक्षपूजा, डोंगरावरील देवळे, यांविषयी येथे विस्तार करीत नाही. ती प्रकरणे आजही टिकणारी आहेत आणि कन्फ्यूशिअस मताविषयीची त्यांची सहानुभूती त्या काळच्या मिशनरी लेखनाशेजारी ठेवली की उठून दिसते. स्त्रियांवरील प्रकरणाविषयी मात्र एक गोष्ट नोंदविली पाहिजे. भांडखोर सुना व सासवा तेथे पुष्कळ भेटतात, स्त्रियांच्या आत्महत्यांचाही विचार आहे. परंतु जी स्त्री न्यायालयापर्यंत आलीच नाही तिच्याविषयी न्यायाधीशाच्या पुस्तकात काही असणे कठीणच होते. १९०० साली हद्द आखण्याच्या वेळी गावकऱ्यांनी विरोध केला आणि त्यात काही मारले गेले. त्यांनीही अर्ज केला नव्हता. संमतीचा इतिहास अर्जांवरून लिहिला की अशी माणसे त्यातून आपोआप गळतात.

जॉन्स्टन पुढे १९१९ मध्ये पदच्युत सम्राट पू-यी यांचे शिक्षक झाले, १९२७ मध्ये वेइहायवेईचे आयुक्त म्हणून परतले आणि १ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनीच हा मुलूख चीनच्या स्वाधीन केला. ग्रंथातील मताची कसोटी पाहण्याची संधी इतक्या पुरेपणी क्वचितच एखाद्या ग्रंथकाराला मिळते. अलीकडे पामेला ॲटवेल यांनी १९८५ मध्ये आणि कॅरोल टॅन यांनी २००८ मध्ये या राजवटीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. टॅन यांचा रोख कायदा व न्याय यांवर आहे. आयुक्त-कचेरीचे कागद लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांत चिनी भाषेतील अर्जही आहेत. त्या अर्जांतील संबोधने, क्रियापदांची विनंतीरूपे, मायन्याचा साचा कोठे मोडतो आणि अर्जदार केव्हा आपल्या बोलीत शिरतो, एवढे जरी कालक्रमाने तपासले तरी १९०४ चा अर्ज आणि १९२८ चा अर्ज यांत काय फरक पडला ते सांगता येईल. चिनी भाषा शिकण्याची तयारी असलेल्या विद्यार्थ्याने हा विषय प्रबंधासाठी अवश्य घ्यावा.