बाटलीवरची छोटी तारका

‘वनस्पतिजन्य’ शाम्पूच्या बाटलीवर आवळा, माका, जास्वंद यांची चित्रे असतात आणि ठळक अक्षरांत ‘केसगळती कमी करतो’ असे लिहिलेले असते. या वाक्याच्या शेवटी पुष्कळदा एक छोटी तारका असते. बाटली फिरवून पाहिली, की बारीक टाइपात खुलासा सापडतो: ‘केस तुटल्यामुळे होणारी गळती’. आमचा आक्षेप आहे तो इथेच.

केस तुटणे वेगळे आणि मुळापासून गळणे वेगळे. त्वचेबाहेर दिसणारा केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा. त्यावरचे खवल्यांसारखे आवरण विस्कटले, की केस एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. केसावर गुळगुळीत, पातळ थर ठेवणारा शाम्पू हे तुटणे खरोखर कमी करू शकतो. तेवढ्यापुरता दावा खोटा नाही.

मुळापासून गळण्याचे मात्र तसे नाही. डोक्यावरचा केस साधारण २ ते ६ वर्षे वाढतो, सुमारे ३ महिने विश्रांती घेतो आणि गळतो. हे चक्र त्वचेखालच्या रोमकूपात चालते. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच आहे. आनुवंशिकता, लोहाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार यांमुळे विरळ होणारे केस दोन मिनिटांत धुऊन टाकलेल्या फेसाने दाट होतील, असे मानायला आधार नाही. मोठ्या तापानंतर वा बाळंतपणानंतर २-३ महिन्यांनी केस खूप गळतात आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप पूर्ववत होतात. श्रेय मात्र त्या काळात वापरलेल्या शाम्पूला मिळते! खरे कारण लोहाची कमतरता असेल, तर उपचार लांबणीवर पडतो, हे नुकसान पैशांपेक्षा मोठे आहे.

मग वनस्पती निरुपयोगी का? मुळीच नाही. रिठा आणि शिकेकाई यांत सॅपोनिन असते. ते फेस करते, तेल-मळ काढते. पण अशा कित्येक बाटल्यांतला फेस मुख्यतः सोडियम लॉरेथ सल्फेटसारख्या रसायनाचा असतो.

विद्यार्थ्यांना घरातल्या रिकाम्या बाटल्या आणायला सांगा. घटकांची यादी सहसा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. चित्रातली वनस्पती यादीत कितवी आहे? दाव्याला तारका आहे का? आणि ती नेमके काय सांगते? एका तासिकेत एवढे वाचून झाले, तरी पुढची जाहिरात मुले वेगळ्या नजरेने पाहतील.